बटरातलं मीठ कुठं गेलं?

"ओपन अँड शट केस आहे," सबनीस साहेब फोनवर म्हणाले. "त्या चिखलीवाल्याची एजन्सी बंद करा. लेटर मी नागपूरहून पाठवतो."

पंचाईत अशी होती की ज्या रिपोर्टवरून ते हे बोलत होते, तो माझाच होता. खाली सहीही माझीच.

मी तेव्हा एका डेअरीच्या अकोला डेपोत क्वालिटी ऑफिसर होते. आमचं सॉल्टेड बटर बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात चिखलीचे युसूफभाई विकायचे. त्यांच्या मालाची कम्प्लेंट आली होती हिवरा आश्रमच्या एका पावभाजीच्या गाडीवरून. बटरला वास येतो, चव नाही, माल डुप्लिकेट आहे. आमचा सेल्समन जाऊन गाडीवरच्या डब्यातून नमुना घेऊन आला. मी तो तपासला. मीठ जवळजवळ नव्हतंच आणि पाणी हवं त्यापेक्षा बरंच जास्त.

हे जरा समजावून सांगते. बटर म्हणजे नुसतं फॅट नव्हे. त्यात पाण्याचे अगदी बारीक थेंब अडकलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे. सॉल्टेड बटरमध्ये घातलेलं मीठ या थेंबांत विरघळून बसतं. त्या खारट पाण्यात जंतूंना वाढता येत नाही, म्हणून हे बटर टिकतं. लोणच्यात मीठ घालतो तसंच. लोकांना वाटतं मीठ चवीसाठी आहे. चवीसाठी आहेच, पण आधी ते राखणीला बसलेलं असतं. मीठ गेलं आणि पाणी वाढलं, की ते बटर उन्हाळ्याच्या तोंडाशी चार दिवसही धड राहत नाही.

म्हणजे आमच्या फॅक्टरीतून निघालेला माल तसाच राहिला नव्हता. मध्ये कुणाचा तरी हात लागला होता. फॅक्टरी आणि गाडी यांच्यामध्ये एकच माणूस उभा होता, युसूफभाई. त्यामुळे साहेबांचं गणित सरळ होतं.

माझं मात्र एका जागी अडत होतं. भेसळ करणारा माणूस हिशेबी असतो. महागाच्या मालात तो स्वस्ताचं काहीतरी मिसळतो. बटरात मिसळायचं तर वनस्पती तूप. वनस्पती तूप ओळखता यावं म्हणून त्यात तिळाचं तेल घालायची सक्ती असते, आणि लॅबमध्ये त्या तेलाचा गुलाबी रंग उमटतो. माझ्या परीक्षानळीत गुलाबी काही उमटलं नव्हतं. फॅट शुद्ध दुधाचं होतं. गायब होतं ते फक्त मीठ.

"साहेब," मी म्हटलं, "मीठ काढून घेऊन कुणी श्रीमंत झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

"गावठी लोणी आपल्या रॅपरमध्ये भरून विकत असेल. त्यात मीठ नसतंच."

"गावठी लोणी म्हशीचं असतं, पांढरं फटक. हा नमुना पिवळा आहे."

"रंग टाकला असेल."

"रंग टाकायची अक्कल आहे आणि मूठभर मीठ टाकायची नाही?"

सबनीस साहेब वाईट माणूस नव्हते. पुण्याचे होते, इंजिनिअर होते आणि त्यांना प्रत्येक गोष्ट एका कागदावर मावलेली आवडायची. मी सांगितलं की मला एकदा जाऊन येऊ द्या, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. ते म्हणाले, या जाऊन, पण लेटर मी टाइप करून ठेवतो.

ते बीटी कापसाचे दिवस होते. कापसाची बातमी लोक पेपरात वाचायचे, मी ती बटरच्या खपात वाचायची. पहिली काही वर्षं झाडं बोंडांनी लगडलेली होती, तेव्हा चिखली-मेहकर भागात पावभाजीच्या गाड्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या उगवल्या. आमचा खप असा चढला, की नागपूरहून अभिनंदनाचे फोन आले. मग पावसाने ताण दिला, बोगस बियाण्याची पाकिटं बाजारात फिरली, पिकाने दगा दिला. गंमत म्हणजे गाड्या कमी झाल्या नाहीत. आधी जे गाडीवर खायला यायचे, त्यांच्यातलेच काही आता गाडी लावून तव्यामागे उभे होते. खप मात्र निम्म्यावर आला. हे नागपूरला समजावून सांगण्यात माझा बराच घसा कोरडा झालेला आहे.

चिखलीला एसटीने उतरले. युसूफभाईंचं दुकान बाजारात, धान्याच्या अडतीच्या रांगेत. बेकरीचा माल, यीस्ट, पनीर आणि आमचं बटर. मी गेले तेव्हा लोडशेडिंग सुरू होतं. डीप फ्रीझरवर गोधडी घातलेली आणि तिच्यावर पाटी ठेवलेली, लाइट येईपर्यंत झाकण कुणी उघडू नये म्हणून. लाइट नसताना फ्रीझर बंदच ठेवला तर आतली थंडी बराच वेळ धरून राहते. पुष्कळ दुकानदार गिऱ्हाईक आलं की दर वेळी झाकण उघडतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. युसूफभाई तसे नव्हते. मागे जनरेटर होता, बर्फाच्या लाद्या होत्या.

मी झाकण उघडायला लावलं आणि माल बाहेर काढला. बटर निवडताना मी आधी रॅपर बघते. कोपरे तेलकट असतील तर ते कधीतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे असं समजावं. मग कापून बघते. कडेचा रंग आतल्यापेक्षा गडद असेल तर ते उघडं राहून सुकलेलं असतं. शेवटी वास, कारण शेजारी जे असेल त्याचा वास बटर आपल्या अंगाला लावून घेतं. युसूफभाईंच्या वड्यांचे कोपरे कोरडे होते, आतबाहेर रंग एकसारखा. जिभेवर ठेवलं तर व्यवस्थित खारं. बोट ठेवायला जागा नव्हती.

माझं काम झाल्यावर युसूफभाई बोलले.

"मॅडम, तोंडावर कोनी काई म्हनत नाई. सलाम करतात, चहा पेतात अन् मंग म्हनतात, आज नको, माल पडून हाये. माहे अब्बा याच बाजारात तूप विकत. त्याईच्या डब्यात कोनी बोट बुडवून वास घेतला नाई. परवा एका जनानं माह्या दुकानात उभं राहून बटर हुंगलं."

असं म्हणून ते वळले आणि सरळच रचलेली खोकी पुन्हा सरळ करायला लागले. मग पाठमोरेच म्हणाले, "एजन्सी गेली त दुसरी भेटन. हे नाव गेलं त काई भेटत नाई."

मला फार वाईट वाटलं. पण क्वालिटीवाल्या माणसाने वाईट वाटून घेऊन चालत नाही. समोरचा माणूस भला दिसतो म्हणून नमुन्यात मीठ येत नसतं. मी दोन वड्या स्वतः निवडल्या. कंपनीतर्फे बदली माल म्हणून त्या गाडीवालीला द्यायच्या होत्या. त्या बर्फाच्या थर्मोकोल पेटीत ठेवल्या आणि पेटी मांडीवर घेऊनच युसूफभाईंच्या तीनचाकी टेम्पोत बसले. पेटी एक क्षण हातावेगळी केली नाही. त्यांना ते कळलं असावं.

हिवरा आश्रमला आश्रमाच्या शाळा-कॉलेजांमुळे पोरांची गर्दी, म्हणून रस्त्याला खाण्याच्या गाड्याही पुष्कळ. युसूफभाईंनी टेम्पो लांबच थांबवला. म्हणाले, मी आलो तर ते लोक मोकळं बोलणार नाहीत, तुम्हीच जा.

गाडी वनिताची होती. तिशीतली, चटपटीत बाई. नवरा वावर बघायचा, बाकी सगळं हिच्याकडे. मी ताकाला जाऊन भांडं लपवलं, म्हणजे पेटी बाकाखाली सरकवली आणि एक पावभाजी मागितली. तिने तव्यावर आधी थोडं तेल सोडलं, मग बटर. हे बरोबर होतं. नुसतं बटर तापल्या तव्यावर टाकलं, की त्यातला दुधाचा अंश करपतो आणि भाजी कडवट होते. तेल आधी, बटर नंतर, आणि वरून शेवटी एक तुकडा कच्चा. त्या शेवटच्या तुकड्यालाच गिऱ्हाईक बटर समजतं.

पण तिचं बटर तव्यावर पडलं आणि तडतड उडायला लागलं. बटर थोडं तडतडतंच, त्यात पाणी असतं. हे मात्र फोडणीतल्या मोहरीसारखं उडत होतं. वनिता सवयीने एक पाऊल मागे सरकली. म्हणजे रोजचंच होतं. भाजी आली ती अगदीच अळणी, आणि वरच्या तुकड्याला आंबूस वास.

मग मी कोण ते सांगितलं. ती हबकली नाही. उलट हात कमरेवर ठेवून म्हणाली, बरं झालं आल्या, मी तर वाटच पाहून राह्यली होती. गिऱ्हाईक पाठ फिरवायला लागलं होतं. शेजारच्या गाडीवाल्यांना तिने सांगितलं होतं की युसूफभाईचा माल घेऊ नका, आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

मी एकेक करून विचारत गेले. माल कधी आणता? दर दोन-तीन दिवसांनी, थोडाथोडा. ठेवता कुठे? फ्रीज नाही, असून तरी काय, लाइट कुठे असते. घरात सावलीला, ओलं पोतं गुंडाळलेल्या माठात, झाकून. कांदा-लसणाजवळ? अजिबात नाही, कांद्याची टोपली गाडीखाली असते. भाजीत मीठ इतकं कमी का?

"तुमच्याच मानसानं सांगतलं होतं, बटरात मीठ असते, भाजीत हात आवरून टाका. म्या आवरला. आता बटरातच नाई त मी काय करू?"

आमच्या माणसाचं बरोबर होतं आणि तिचंही. बटरात मीठ नाही आणि भाजीतही नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या जिभेने बटर खोटं ठरवलं होतं. इथवर मला समजलं. पण मीठ कुठे जातं ते समजेना. मी तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. शेवटी ती चिडली. "मले खोटं बोलून काई बक्षीस भेटनार हाये काय?"

खरंच ती एकही शब्द खोटं बोलत नव्हती. आणि युसूफभाईंच्या फ्रीझरमधलं बटर मी माझ्या जिभेने तपासलं होतं. दोन्ही टोकं खरी होती. त्या क्षणी मला सबनीस साहेबांचं टाइप केलेलं लेटर डोळ्यांसमोर दिसलं, आणि ते थांबवायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

मी पेटी काढून दोन वड्या तिला दिल्या. तिने मागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "आत्याबाई, हे आत न्या." तिची सासू आली आणि वड्या घेऊन गेली. तोवर पोरांचा एक घोळका गाडीवर आला. वनिता म्हणाली, बाई, तुम्ही आत बसा, आत्याबाई चहा ठेवतील. आमचा सेल्समन दोनदा येऊन गेला होता, पण पुरुष माणूस, तो गाडीपाशीच उभा राहिला असणार. मी चपला काढून आत गेले.

सासूचं नाव कौसाबाई. चुलीवर आधण ठेवून त्या परात घेऊन बसल्या. वडीचं रॅपर सोललं, बटर परातीत टाकलं, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी मळायला लागल्या. उन्हाने आणि प्रवासाने ते मऊ झालं होतं. बोलता बोलता मळणं चाललं होतं, कुठून आल्या, घरी कोण कोण, अकोल्यात पाणी किती दिवसांनी येते. पाणी गढूळ झालं तसं त्यांनी ते ओतून दिलं आणि दुसरं घेतलं.

मी कप खाली ठेवला. पुढे सरकून त्या परातीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

खारं होतं.

"अवो बाई," कौसाबाई म्हणाल्या, "धुन्याचं पानी कायले चाटता?"

"तुम्ही हे काऊन धुता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तांदूळ का धुता असं विचारलं असावं. "मंग लोनी काय धुतल्याबिगर ठेवता व्हय? आंबते ना ते."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. ताक घुसळून लोणी काढलं, की त्यात ताकाचा अंश राहतो. तो राहिला तर लोणी आंबतं. म्हणून दोन-तीन पाण्याने धुवायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, आणि मग पाण्यात बुडवून ठेवायचं. घरोघरी हेच चालतं. आमच्या फॅक्टरीतही बटर आधी धुतात, मशीनने. फरक एवढाच की फॅक्टरीत धुऊन झाल्यावर मीठ घालतात. कौसाबाई त्यानंतर पुन्हा धुवत होत्या. मीठ पाण्यात निघून जात होतं, त्याच्या जागी तांब्यातलं पाणी बटरात मुरत होतं आणि मग ते माठात, पुन्हा पाण्यातच, जाऊन बसत होतं. माझ्या रिपोर्टातल्या दोन्ही ओळी त्या परातीत होत्या.

वनिताने हे मला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. कांदा सोलून घेतो असं कुणी सांगतं का?

"हे आधीपासून धुता?"

नाही, त्या म्हणाल्या. आधी वनिताच वडी उघडून तशीच वापरायची. त्यांच्या घरी तेव्हा म्हैस होती, लोणी निघायचं, त्यात कौसाबाईंचा दिवस जायचा. दिवाळीनंतर म्हैस विकली. "तवापासून हाताले काम नाई. म्हनलं, हे तरी मी करतो. सून दिवसभर तव्यासमोर उभी राह्यते."

"पाणी खारं लागतं हे तुम्हाला कधी समजलं नाही?"

"समजलं ना. पहिल्याच रोजी समजलं." आता त्यांचा आवाज जरा ठाम झाला. "एकडाव तूप कढवून पाह्यलं, त तळची बेरी खारट. लेकरानं तोंडात घातली अन् थुंकली. तवाच म्या वळखलं, कंपनीवाल्यानं वजन वाढवाले मीठ भरेल हाये. म्हनून मी चांगलं तीन पान्यानं धुवो. आपल्या गाडीवर लोकाईचे लेकरं खातात, त्याईले लबाडीचं काऊन खाऊ घालाचं?"

मला हसावं की डोक्याला हात लावावा ते समजेना. ही बाई भेसळ काढत होती. तिच्या हिशेबाने तिने आमच्या कंपनीची लबाडी रोज धुऊन मोरीत ओतली होती.

मी म्हटलं, मावशी, पाकिटावर लिहिलेलं असतं की यात मीठ आहे. यावर त्यांनी मोरीशेजारी पडलेलं रॅपर उचललं आणि त्याच्यावरचं चित्र मला दाखवलं.

"पाकिटाचं मले नका सांगू. बियान्याच्या पाकिटावर बी एवढाले बोंडं काढेल होते. माह्या पोरानं त्याच्यावर भरवसा ठेवला. वावरात कुठं आले बोंडं? त्याच साली म्हैस गेली."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या बाईने बटर धुऊन घेतलं होतं. कंपनीची माणसं छापील पाकिटाची बाजू घेऊन बोलतात, ते मला त्या घरात बसून जमलं नाही.

मग मी त्यांना दुसऱ्या, न उघडलेल्या वडीचा तुकडा दिला आणि धुतलेल्याचा. दोन्ही चाखायला लावले. मीठ इथे पहारेकरी आहे, त्याला तुम्ही घराबाहेर काढलंत, म्हणून वास शिरला, असं सांगितलं. चार शब्दांत त्यांना समजलं. जन्मभर लोणी काढलेल्या बाईला काय टिकतं आणि काय आंबतं हे मी नव्याने शिकवायचं नव्हतं. त्यांचे हात परातीत तसेच राहिले.

"मंग त्या बापड्यावर आळ आला, तो माह्यापाई?"

"हो," मी म्हटलं. सावरून घेता आलं असतं. मला ते येत नाही.

"कुठं हाये तो?"

मी सांगितलं, रस्त्याच्या पलीकडे, टेम्पोत.

त्यांनी हातही पुसले नाहीत. उठल्या आणि तशाच बाहेर निघाल्या, गाडीपुढच्या पोरांमधून वाट काढत, शेजारच्या दोन गाड्या ओलांडून. मी चपला शोधत मागे धावले. वनिता उलथणं हातात धरून बघत राहिली. युसूफभाई घाईने टेम्पोतून उतरले. त्यांना वाटलं असावं, ही बाई आता भांडणार. आजूबाजूच्या गाडीवाल्यांनाही तेच वाटलं, कारण सगळ्यांचे तवे एकदम शांत झाले.

"भाऊ," कौसाबाई म्हणाल्या, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुह्या मालात मीठ होतं. ते म्या काढलं."

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काढलं म्हनजे?"

"धुऊन काढलं. मले वाटलं लबाडीचं हाये. लबाडी तुही नोती. चूक माही हाये."

युसूफभाईंनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, मग चष्मा नसलेले डोळे पुसले. नंतर विचारलं, "किती पान्यानं धुतलं, अम्मा?"

"तीन."

"माही माय बी तीनच पान्यानं धुवे," ते म्हणाले.

यापुढे माझं काम फार नव्हतं. न धुतलेल्या आणि धुतलेल्या बटरचे वेगळे नमुने घेतले. वनिताला सांगितलं की भाजीत मीठ आधी होतं तितकंच ठेव. माठाची सवय मोडायचं कारण नव्हतं, ओल्या पोत्याचा गारवा चांगलाच असतो. फक्त वडीचे रोजच्या मापाचे तुकडे करून रॅपरसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि तो डबा माठात बसवायचा. कौसाबाईंनी खात्री करून घेतली, "पानी भायेर, बटर आत. एवढंच ना?" एवढंच. तुपाचंही त्यांनी विचारलं. म्हटलं, याचं तूप कढवता येतं, मीठ तळाशी बसतं आणि तूप वरून निथळून घेता येतं. पण बेरी खारटच राहणार, गुळासोबत खायची आशा सोडा. त्या म्हणाल्या, मग काय कामाचं.

संध्याकाळी चिखलीच्या एसटीडी बूथवरून सबनीस साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बटर कोण धुतं?"

"तुमच्या मातोश्रींना विचारा, साहेब. त्यांनी घरी लोणी काढलं असेल."

त्यांना ते आवडलं नाही. पण सकाळी त्यांचाच फोन आला. थोडं खाकरून म्हणाले, "आई म्हणते, न धुता कसं ठेवायचं?" मग म्हणाले, "लेटर थांबवलंय." माझ्या लॅबमध्ये दोन्ही नमुने तपासले. धुतलेला नमुना पहिल्या रिपोर्टशी तंतोतंत जुळला. न धुतलेला अगदी निर्दोष होता. साहेबांना हवा तसा एक कागद झाला.

मी आणखी एक सुचवलं होतं. खोक्यावर मराठीत एक ओळ छापा: हे बटर धुऊ नये. मार्केटिंगने नकार दिला. त्यांचं म्हणणं, असं छापलं तर आपलं बटर धुवावं लागण्याइतकं अस्वच्छ आहे असा समज होईल.

पण रिपोर्टने एजन्सी वाचते, बाजारातलं नाव वाचत नाही. ते काम कौसाबाईंनी केलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या युसूफभाईंच्या टेम्पोत बसून चिखलीला आल्या आणि त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, हे धुऊ नका बरं, म्या धुतलं होतं, माह्यापाई या मानसाचं नाव खराब झालं. मी त्या दिवशी फॉलो-अपला गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. युसूफभाई आत संकोचून उभे, अम्मा आता राहू द्या, लोकं हसतात. त्या म्हणाल्या, हसू दे, हसनारा उद्या माल नेते.

बहुतेक गिऱ्हाईक परत आलं. दोन गाडीवाले मात्र कधीच आले नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, काही नाही, असंच. आळ धुतला गेला तरी त्याचं थोडं पाणी मागे राहतंच.

बाजाराचा दिवस मग कौसाबाईंचा नेमच झाला. पायरीवर बसायचं, गिऱ्हाइकाला वडी कशी निवडायची ते सांगायचं, कोपरा दाबून बघायला लावायचं. पगार त्यांनी घेतला नाही. युसूफभाईंच्या घरी तेव्हा एक म्हैस होती. तिचं ताक त्या दिवसापुरतं कौसाबाईंकडे यायचं. त्या पायरीमागच्या ओसरीत बसून घुसळायच्या आणि लोणी काढायच्या. ते लोणी त्या तीन पाण्याने धुवायच्या आणि मला बघून मुद्दाम म्हणायच्या, "हे त धुऊ ना, मॅडम?"

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी पुष्कळ तपासण्या केल्या. एक गोष्ट मात्र बदलली. माल कसा ठेवता, काय करता, हे मी आधी विचारणं सोडून दिलं. माणूस जे रोज करतो ते तो सांगत नाही. लपवायचं असतं म्हणून नव्हे, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. म्हणून मी चपला काढायची, आत जाऊन बसायची आणि म्हणायची, तुमचं काम चालू द्या, मला फक्त चहा टाका.